पत्ता, शिक्का आणि माणूस

चरित्रकार पत्रांवर विसंबतो, पाकिटांवर नाही. मजकूर पत्रात असतो, म्हणून पाकीट फोडून फेकायचे ही घरोघरची रीत अभ्यासकांनीही बराच काळ पाळली, आणि संग्रहालयांत व अभिलेखागारांत दाखल होईपर्यंत पुष्कळशी पत्रे आपापल्या पाकिटांपासून तुटलेली असतात. परंतु पत्रातला मजकूर लिहिणाऱ्याने निवडून लिहिलेला असतो आणि पाकिटावरचा बराचसा मजकूर त्याच्या हातातच नसतो. शिक्क्यावरचे गाव आणि तारीख टपाल खाते ठरवते, तिकिटाची किंमत दरपत्रक ठरवते, मागच्या बाजूचा आवक शिक्का पत्र पोहोचल्यावर कोणी कारकून उमटवतो; आणि जुना पत्ता खोडून त्यावर नवा लिहिणाऱ्या शेजाऱ्याला आपण एखाद्या अभियंत्याच्या बदलीची नोंद करीत आहोत याची कल्पनाही नसते. ज्या डॉक्टरांनी, वकिलांनी, प्राध्यापकांनी आणि सर्वेक्षकांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत आणि ज्यांच्यावर गौरवग्रंथही निघाले नाहीत, त्यांच्या आयुष्याचा सांगाडा उभा करताना या नकळत झालेल्या नोंदी फार उपयोगी पडतात.

टपाल इतिहासाच्या परिभाषेत 'कव्हर' म्हणजे टपालातून प्रत्यक्ष प्रवास केलेली, पत्ता आणि शिक्के अंगावर असलेली कोणतीही वस्तू. मग ते पाकीट असो, पोस्टकार्ड असो, मासिकाभोवतीची कागदी पट्टी असो किंवा पाकिटांचा प्रसार होण्यापूर्वी पत्राचाच कागद घडी घालून लाखेने बंद केलेला असो. तिकीट जमवणारा संग्राहक तिकिटाकडे पाहतो आणि टपाल इतिहासाचा अभ्यासक तिकीट, शिक्का, दर, मार्ग आणि पत्ता यांच्या परस्परसंबंधाकडे पाहतो. त्यातूनच पुढे निघालेली एक वाट म्हणजे पत्त्यातल्या माणसाचा माग काढणे. त्याचा हुद्दा काय, पदव्या कोणत्या, तो कोणाशी पत्रव्यवहार करीत होता, कोणत्या वर्षी कोणत्या गावी होता, हे प्रश्न त्या वाटेवरचे आहेत. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ मधील नामांतरापूर्वीचे औरंगाबाद, या अभ्यासासाठी विशेष सोयीचे शहर आहे, कारण येथील पाकीट मुंबई किंवा पुण्याच्या पाकिटापेक्षा अधिक बोलते. त्याचे कारण या शहराच्या राजकीय इतिहासात आहे.

औरंगाबाद १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि या संस्थानाची स्वतःची टपाल व्यवस्था होती. संस्थानाचे पहिले तिकीट १८६९ मध्ये निघाले, आणि भारतीय टपाल खात्यात ही व्यवस्था विलीन होऊन १९५० मध्ये संस्थानी तिकिटांची जागा भारताच्या तिकिटांनी घेतली. मात्र निजामी तिकीट संस्थानाच्या हद्दीतच चालत असे. हद्दीबाहेर जाणाऱ्या पत्राला ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लागे, आणि त्यासाठी छावण्या, रेल्वेस्थानके व मोठी गावे येथे ब्रिटिश टपाल कार्यालयेही चालत. एकाच भूभागात दोन टपाल खाती, दोन तऱ्हेची तिकिटे आणि दोन तऱ्हेचे शिक्के अशी ही स्थिती होती. त्यांत नाण्यांचीही भर होती: संस्थानात हाली रुपया चाले आणि बाहेर कलदार, आणि सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार असा हिशेब असे. त्यामुळे औरंगाबादच्या एखाद्या वकिलाची चाळीस पाकिटे हाती आली, तर ती उघडण्यापूर्वीच निजामी तिकिटांची आणि ब्रिटिश तिकिटांची अशी दोन चळतींत लावता येतात, आणि त्या चळतींच्या उंचीवरून त्याचा व्यवहार हैदराबादच्या न्यायालयांकडे अधिक होता की मुंबई-पुण्याकडे, याचा पहिला अंदाज बांधता येतो. मुंबईतल्या त्याच्या समव्यावसायिकाच्या पाकिटांवरून असा अंदाज बांधता येणार नाही.

## एक पाकीट जवळून

या भागातल्या १९३० च्या दशकातील एका सरकारी पाकिटाचा नमुना डोळ्यांसमोर आणला, तर वाचनाची रीत स्पष्ट होईल. हा नमुना एखाद्या विशिष्ट संग्रहातला नसून त्या काळच्या पाकिटांवर आढळणाऱ्या खुणा एकत्र करून मांडलेला आहे. पाकीट बदामी, जाडसर कागदाचे आहे. डाव्या वरच्या कोपऱ्यात उर्दूत खात्याचे नाव छापलेले आहे. तिकिटावर चार लिप्या दिसतात, उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि देवनागरी, कारण संस्थानात या चारही लिप्या वाचणारी प्रजा होती. तिकिटावर आडवा छापलेला एक उर्दू शब्द आहे, 'सरकारी'. हा शब्द छापलेली तिकिटे १८७० च्या दशकापासून केवळ सरकारी कामासाठी दिली जात. पत्ता मोडी किंवा देवनागरीत नसून उर्दूत आहे आणि त्यात माणसाच्या नावाआधी हुद्दा आहे.

या हुद्द्यांचा उलगडा झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संस्थानात जिल्हाधिकाऱ्याला अव्वल तालुकदार म्हणत, विभागाच्या प्रमुखाला सुभेदार, खात्याच्या संचालकाला नाझिम, आणि 'मोहतमिम' हा शब्द अधीक्षक किंवा कार्यकारी अधिकारी अशा अर्थाने अनेक खात्यांत वापरला जाई. मोहतमिम तालिमात म्हणजे शिक्षण खात्याचा निरीक्षक, तर मोहतमिम तामीरात म्हणजे बांधकाम खात्याचा अभियंता. ज्याला 'तालुकदार' हा शब्द अवधच्या जमीनदारांमुळे परिचित आहे असा उत्तरेकडचा संग्राहक औरंगाबादच्या तालुकदाराला जमीनदार समजतो आणि एका उच्चशिक्षित प्रशासकाच्या चरित्राची सुरुवातच चुकते. ही चूक लिलावांच्या सूचिपत्रांत सहज शिरू शकते.

दुसरा सापळा तारखेचा आहे. संस्थानाचे सरकारी काम फसली सनात चाले. या सनाचे वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी आजूर महिन्यापासून सुरू होई आणि महिन्यांची नावे आजूर, बहमन, खुरदाद, आबान अशी इराणी वळणाची होती. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो असे स्थूल सूत्र सांगितले जाते, पण ते वर्षाच्या पहिल्या तिमाहीपुरतेच बरोबर आहे. जानेवारी लागल्यावर ५९१ मिळवावे लागतात. म्हणजे पाकिटाच्या कडेला कारकुनाने 'खुरदाद १३५०' अशी आवक नोंद केली असेल, तर ती १९४० ची नसून १९४१ च्या एप्रिलच्या सुमाराची असते. एखाद्या शिक्षकाची नेमणूक आणि त्याने पाठवलेले पहिले सरकारी पाकीट यांचा क्रम लावताना हा एका वर्षाचा फरक क्षुल्लक नसतो. त्याच पाकिटावर ब्रिटिश टपालाचा इसवी सनातला शिक्काही असेल, तर दोन्ही तारखा एकमेकींचा ताळा देतात, आणि दुहेरी टपालाचा जो गुंता सुरुवातीला त्रासदायक वाटतो तोच पडताळ्याचे साधन होतो.

तिकिटांवरची चित्रेही या संदर्भात पाहण्यासारखी आहेत. १९३१ च्या चित्रमालिकेत आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठा लेण्यांचे प्रवेशद्वार आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा चांद मिनार होता, म्हणजे औरंगाबाद जिल्ह्याला त्या मालिकेत दोन जागा मिळाल्या होत्या. चार आण्यांच्या तिकिटावर उस्मानसागर जलाशय होता; १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी हैदराबादसाठी जी पूरनियंत्रण योजना आखली तिच्यातून तो उभा राहिला. १९३७ च्या रौप्यमहोत्सवी तिकिटांवर उस्मानिया रुग्णालय, युनानी रुग्णालय आणि उस्मानिया विद्यापीठ आले. पण चित्र हा पुरावा नव्हे. एका रुपयाचे तिकीट साध्या पत्राला लागत नसे. चांद मिनार ज्या पाकिटावर दिसतो ते जड कागदपत्रांचे आहे की संग्राहकाने हौसेने तिकीट लावून स्वतःलाच पाठवलेले आहे, हे वजन, दर आणि पत्ता पाहूनच ठरवावे लागते. दुसऱ्या प्रकारच्या पाकिटांवरून संग्राहकाची आवड कळते, पत्त्यातल्या माणसाचे आयुष्य कळत नाही.

## अजिंठ्याची सीमा

औरंगाबाद जिल्ह्यात विद्वानांचा पत्रव्यवहार सर्वाधिक साठला तो अजिंठ्याभोवती. मद्रास फौजेतला अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ मध्ये भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी येथे आला आणि पुढची अनेक वर्षे अजिंठ्यातच राहिला. त्याने रंगवलेल्या प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. १८७९ मध्ये गिल मरण पावला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्या कारकिर्दीत टपालाचे एक युगच पालटले. अखिल हिंदुस्थानात चालणारी तिकिटे ऑक्टोबर १८५४ मध्ये आली. त्यापूर्वी हशील अंतरावर आणि वजनावर अवलंबून असे आणि ते भरले की नाही एवढेच शिक्क्याने सांगितले जाई. गिलच्या काळाच्या पूर्वार्धातला कागद म्हणजे घडी, लाख आणि हशिलाची नोंद, आणि उत्तरार्धातला कागद म्हणजे तिकीट लावलेले पाकीट. तारीख फाटून गेलेल्या कागदाचा काळ एवढ्या फरकावरूनही ठरवता येतो.

पुढे १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी प्रतिकृतींचे नवे काम केले. नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि के. वेंकटप्पा हे तरुण चित्रकार त्यांच्या छावणीत होते, आणि हैदराबादचे सय्यद अहमदही. पुढे लेण्यांच्या देखभालीशी सय्यद अहमद यांचे नाव कायमचे जोडले गेले. १९१४ मध्ये संस्थानाचे पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. चित्रांचे पोपडे सुटू लागल्यामुळे १९२० मध्ये इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन संधारकांना बोलावण्यात आले. यझदानी यांच्या 'अजंता' या ग्रंथाचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले, त्यांतील पहिल्या भागाला ब्रिटिश म्युझियमचे लॉरेन्स बिन्यन यांनी प्रस्तावना लिहिली. म्हणजे एका दरीतल्या लेण्यांसाठी हैदराबाद, कलकत्ता, लंडन आणि इटली यांच्यात टपाल चालू होते.

येथे भूगोलाचा एक बारकावा कामी येतो. लेणी संस्थानाच्या अगदी उत्तर टोकाला, घाटाच्या पायथ्याशी आहेत. पायथ्याचे फर्दापूर निजामाच्या हद्दीत, पण तेथून थोड्याच अंतरावर ब्रिटिश खानदेश सुरू होई, आणि पाहूर, पाचोरा, जळगाव ही रेल्वेची गावे त्या बाजूला होती. औरंगाबाद मात्र दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर. छावणीतल्या माणसाला हैदराबादच्या खात्याशी बोलायचे असेल तर संस्थानी टपाल सोयीचे, आणि कलकत्त्याला किंवा परदेशी लिहायचे असेल तर उतार उतरून खानदेशातून पत्र टाकणे सोयीचे. म्हणून अजिंठ्यावर काम करणाऱ्या माणसाच्या पाकिटावर पाहूर किंवा जळगावचा शिक्का दिसला, तर 'तो त्या दिवशी जळगावला होता' असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. शिक्क्यावरून पत्र कोठे टपालात पडले ते कळते, माणूस कोठे बसून लिहीत होता ते कळत नाही. त्या दोहोंच्या मध्ये एखाद्या हरकाऱ्याची दिवसभराची पायपीट असू शकते.

## मकबऱ्याच्या बागेतला पत्ता

औरंगाबाद शहरात १९१३ ते १९३८ या काळात ज्या पत्त्यावर देशभरातून विद्वानांचे टपाल येत राहिले तो पत्ता अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा. संस्थेचे चिटणीस मौलवी अब्दुल हक शिक्षण खात्यात निरीक्षक म्हणून औरंगाबादला होते, आणि त्यांच्याबरोबर संस्थेचे कार्यालयही येथे आले. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमातून सुरू झाले, तेव्हा भौतिकशास्त्रापासून वैद्यकापर्यंतची पाठ्यपुस्तके उर्दूत आणण्यासाठी जो अनुवाद विभाग स्थापन झाला होता, त्याचे पहिले प्रमुख अब्दुल हकच होते. पुढे ते औरंगाबादच्या इंटरमिजिएट महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, तेच आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय. अंजुमनने १९२१ पासून 'उर्दू' आणि १९२८ पासून 'सायन्स' ही त्रैमासिके काढली, आणि अब्दुल हक यांचा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ मध्ये औरंगाबादेतच छापला गेला. बीबी का मकबऱ्याच्या बागेची देखरेख त्यांच्याकडे होती, आणि तिथल्या नामदेव माळ्यावर त्यांनी लिहिलेले व्यक्तिचित्र उर्दू गद्याचा उत्तम नमुना मानले जाते. मराठी वाचकाला हा माळी अजून नीट ओळखीचा झालेला नाही, हे खेदाचे आहे.

कोशाचे आणि विज्ञान त्रैमासिकाचे काम टपालाशिवाय होऊच शकत नाही. पारिभाषिक शब्दांच्या याद्या जातात, दुरुस्त होऊन परत येतात, मुद्रिते जातात, वर्गणीच्या मनीऑर्डरी येतात. त्या काळी छापील मजकूर बुकपोस्टाने, म्हणजे दोन्ही टोके उघडी ठेवून सवलतीच्या दरात, पाठवला जाई आणि मासिकाभोवती फक्त कागदी पट्टी असे. पट्टी फाडल्याशिवाय मासिक उघडत नाही, म्हणून हीच कव्हरे सर्वांत आधी नष्ट झाली, आणि 'सायन्स' कोणकोणत्या गावी, कोणत्या डॉक्टरांकडे आणि शिक्षकांकडे पोहोचत होते हे सांगू शकणारा सर्वांत नेमका पुरावा त्याच पट्ट्यांवर होता. जे पाकीट उरते त्यावरून निदान पत्त्याचा प्रवास दिसतो. १९३८ मध्ये संस्था दिल्लीला गेली आणि फाळणीनंतर अब्दुल हक कराचीला गेले. तेथेच १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले. औरंगाबादचा पत्ता खोडून दिल्लीचा लिहिलेले पाकीट म्हणूनच केवळ पुनर्प्रेषण, म्हणजे पत्र नव्या पत्त्यावर पुढे पाठवणे, एवढेच सांगत नाही. शहराच्या बौद्धिक जीवनातले एक केंद्र तेथून हलले, हेही सांगते.

हैदराबाद संस्थानातील विज्ञानाचा टपालाशी संबंध याहून प्रसिद्ध अशा दोन प्रकरणांतही दिसतो. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाच्या परजीवीची अवस्था पाहिली. त्याआधी आणि त्यानंतर त्यांचा लंडनच्या पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी चाललेला दीर्घ पत्रव्यवहार हा त्या शोधाचा जवळजवळ रोजनिशीसारखा पुरावा आहे. शोधानंतर लवकरच त्यांची राजपुतान्यातील खेरवाड्याला बदली झाली आणि पुढे ते कलकत्त्याला गेले. पत्रांच्या गावांची नुसती यादी केली तरी संशोधनात पडलेला खंड नजरेत भरतो. दुसरे प्रकरण सलीम अली यांचे. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले, आणि त्यातील नमुन्यांचे वर्गीकरण इंग्लंडमध्ये राहणारे निवृत्त पोलीस अधिकारी ह्यू व्हिस्लर यांच्याशी पत्रव्यवहार करीत पार पडले. अशा कामात पार्सलाची पावतीसुद्धा वैज्ञानिक नोंद ठरते, कारण पक्ष्याचे कातडे केव्हा आणि कोठून निघाले हे तीच सांगते.

## तीन राज्ये, एक घर

सप्टेंबर १९४८ नंतरची औरंगाबादची पाकिटे स्वतंत्र अभ्यासाचा विषय होतील. संस्थान विलीन झाले, पण जिल्हा हैदराबाद राज्यातच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. घर तेच, गल्ली तीच, दवाखान्याची पाटी तीच, पण बारा वर्षांच्या आत पत्त्याची शेवटची ओळ दोनदा बदलली. बिहार आणि उत्तर प्रदेशातही औरंगाबादे असल्यामुळे 'औरंगाबाद (डेक्कन)' असे लिहिण्याची सवय मात्र राज्ये बदलली तरी टिकली. एप्रिल १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यावर तिकिटांवर आण्यांच्या जागी नये पैसे आले, १९६४ मध्ये त्यातला 'नये' गेला, आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेल्या या पद्धतीत शहराच्या वाट्याला ४३१००१ हा अंक आला. शिक्का पुसट असला तरी या चार-पाच खुणांवरून पाकिटाचे दशक ठरते, आणि पुष्कळदा वर्षही.

या काळातले पत्त्यावरून कालनिर्णय करण्याचे उत्तम उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आहे. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. नागसेनवनातल्या या महाविद्यालयाची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली, आणि पुढे ते मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस डॉ. आंबेडकरांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. मंत्री असताना त्यांचा दिल्लीतला पत्ता १, हार्डिंज ॲव्हेन्यू होता आणि त्यानंतर २६, अलिपूर रोड. म्हणून औरंगाबादहून त्यांना गेलेले किंवा त्यांच्याकडून आलेले बिनतारखेचे कव्हर राजीनाम्याच्या अलीकडचे की पलीकडचे हे नुसत्या घराच्या पत्त्यावरून ठरवता येते. तिकीटही साक्ष देते: मंत्र्याच्या कार्यालयातून निघालेल्या पाकिटावर सरकारी सेवेचे तिकीट अपेक्षित असते, खासगी नागरिकाला मात्र साधे तिकीट विकत घ्यावे लागते. इमारतीचे नकाशे, ग्रंथखरेदी, प्राध्यापकांच्या नेमणुका असा महाविद्यालयाचा व्यवहार ज्या वर्षांत चालला, त्यांचा क्रम लावताना या फरकाचा उपयोग आहे. महाविद्यालये आरंभी उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे प्राध्यापकांच्या परीक्षाविषयक पाकिटांची दिशासुद्धा १९५८ च्या सुमारास हैदराबादकडून शहराच्याच दुसऱ्या टोकाकडे वळते.

पदव्यांचे वाचन अधिक सावधपणे करावे लागते. दवाखान्याच्या छापील पाकिटावरची अक्षरे डॉक्टरने स्वतः छापून घेतलेली असतात, तर पत्त्यात नावापुढे लिहिलेली पदवी पत्रलेखकाने आदरापोटी वाढवलेली असू शकते. बॅरिस्टर नसलेल्या वकिलाला 'बॅरिस्टरसाहेब' आणि कंपाउंडरला 'डॉक्टरसाहेब' करण्यात आपल्या समाजाने कधी कंजूषपणा केलेला नाही. 'एल.सी.पी.एस.' ही मुंबईची परवाना-पदवी आणि विद्यापीठाची 'एम.बी.बी.एस.' यांत शिक्षणाचा, फीचा आणि पुढच्या नोकरीचा फरक होता, म्हणून ती अक्षरे जशी छापली तशीच उतरवून घ्यावीत आणि वैद्यकीय नोंदवह्या, विद्यापीठांची वार्षिके, संस्थानाच्या अधिकाऱ्यांच्या छापील याद्या यांच्याशी ताडून पाहावीत. निजामकालीन कागद हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहेत आणि महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाची शाखा छत्रपती संभाजीनगरात आहे. पाकिटावरून मिळालेले नाव, हुद्दा आणि तारीख हातात असली म्हणजे तेथे नेमकी फाईल मागता येते. हा पाकिटाचा सर्वांत व्यवहार्य उपयोग आहे. पाकीट 'कोठे', 'केव्हा' आणि 'कोणत्या हुद्द्यावर' याची उत्तरे देते. माणसाने नोकरी का सोडली किंवा संशोधन का अर्धवट राहिले याबाबत ते मौन पाळते, आणि ते मौन कल्पनेने भरण्याचा मोह हौशी अभ्यासकांना फार होतो. डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या टपालात रुग्णांची व पक्षकारांची नावेही असतात. ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार पाकीट विकत घेतल्याने मिळत नाही.

या साधनाचा सर्वाधिक नाश तिकिटांच्या हौशीनेच केला आहे. तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून पाकीट कापायचे, ते पाण्यात भिजवायचे, सुटलेले तिकीट वहीत लावायचे आणि उरलेला कागद टाकून द्यायचा, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्यात पत्ता, आवक शिक्का, कारकुनाची नोंद आणि छापील कोपरा असे सगळेच गेले.

जे वाचले ते बहुधा तारेमुळे वाचले. मराठवाड्यातल्या वकिलांच्या, डॉक्टरांच्या आणि आडत्यांच्या पेढीवर लाकडी ठोकळ्यात उभी केलेली किंवा भिंतीला टांगलेली आकडेदार तार असे; आलेले पत्र वाचून झाले की पाकिटासकट त्या तारेत टोचले जाई, आणि तार भरली की ती तशीच माळ्यावर जाई. अशा पाकिटाच्या मध्यभागी एक भोक आणि भोकाभोवती गंजाचे तांबूस वलय असते. विक्रेता त्याला खराबी समजतो आणि किंमत कमी करतो. पण तारेतला क्रम हा टपाल येण्याचा क्रम असतो, तळाशी जुने आणि टोकाला नवे. ज्या पाकिटावरचा शिक्का पुसला आहे त्याची तारीख त्याच्या खालच्या आणि वरच्या पाकिटांच्या तारखांमध्ये पकडता येते, आणि वकिलाकडे एकाच आठवड्यात हैदराबादहून, जालन्याहून आणि मुंबईहून काय काय आले हे एकत्र दिसते. म्हणून अशी भरलेली तार हाती आल्यास पाकिटे ओढून काढण्याआधी तारेचे चारही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, तळापासून प्रत्येक पाकिटाला पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात क्रमांक द्यावा, आणि मगच गंजलेले टोक पक्कडीने कापून एकेक पाकीट वरून सोडवावे.